शेजारणीचं उत्पन्न

देवबागच्या शेवटच्या वाडीत किशोरीशी भांडण झालं नाही असं एकही घर नव्हतं, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे. उलट एखादं घर वर्षभर गप्प बसलं, तर हिलाच चुकल्यासारखं होई. शिरोड्याहून लग्न होऊन आली त्याच महिन्यात सासूने गुरुदासला, म्हणजे हिच्या नवऱ्याला, विहिरीवर गाठून सांगितलं होतं, "चेडू कामाक वाघीण हा रे, पण तोंडाक कवाड नाय." सासू गेली, तिचं मत मात्र वाडीने जपून ठेवलं.

जागाही तशीच. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला शेवटचं घर किशोरीचं. पलीकडे नुसतं पाणी. भांडायला पलीकडे कोणी नाही, म्हणून बाईने सगळी हौस अलीकडच्या घरांवर भागवून घेतली.

पण नुसती भांडकुदळ म्हणून तिला सोडून देऊ नका. गुरुदास रापणीचा माणूस. किनाऱ्यावर उभं राहून जाळ्याचा दोर ओढायचा आणि मिळेल ती मासळी सगळ्यांनी वाटून घ्यायची, एवढं त्याला येई; दुसरं काही येत नसे. मासळी आटली आणि तो पडवीत बसून आढ्याकडे बघू लागला, तेव्हा हिने त्याला उठवला. "दर्यात मासे नाय, तर माणसा फिरव," म्हणाली. होडीला रंग लावून घेतला, लाइफ जॅकेटं आणली, आणि गुरुदास पुण्या-कोल्हापूरच्या लोकांना डॉल्फिन दाखवू लागला. मग हिने पडवीत दोन खाटा टाकल्या. खाटांच्या पुढे खोल्या झाल्या, समुद्राच्या अंगाला, चांगल्या चिऱ्याच्या, संडास-बाथरूमसकट. परवानगी कोणी विचारली नाही, हिनेही सांगितली नाही. सबंध वाडीच्या खोल्या अशाच उभ्या राहिल्या होत्या, आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामाला मनाई करणारा सीआरझेड हा शब्द दिवेलागणीनंतर कोणी तोंडातून काढत नसे.

सुरुवातीला हा धंदा दोन जावांचा मिळून होता. धाकटी जाऊ आनंदी, गुरुदासच्या भावाची, महादूची बायको. घर शेजारी, चूल एक, पाहुणे एक. आनंदी गोड बोले, पाहुण्यांना वाढे; किशोरी चुलीशी. एकदा ठाण्याच्या कुणा कुटुंबाने घरी परत जाऊन मोबाइलवर लिहिलं, "आनंदीताईंच्या हातचं बांगड्याचं तिखलं, तोड नाही." तिखलं किशोरीने केलं होतं. वाटण हिचं, तिरफळं हिची, धूर हिच्या डोळ्यांत, आणि नाव आनंदीताईंचं. आनंदी म्हणाली, "वयनी, ते काय लिवतले ता माका काय ठाऊक?" खरंही असेल तिचं. पण तिने ते चार जणांना दाखवलं, हे किशोरीच्या काळजात रुतलं. महिन्याभरात चूल वेगळी झाली, पाहुणे वेगळे झाले, आणि दोन खळ्यांच्या, म्हणजे अंगणांच्या, मध्ये पुरुषभर उंचीचा दगडी गडगा उभा राहिला. नवरे भाऊ-भाऊ म्हणून बोलत राहिले. बायका बोलल्या नाहीत त्या नाहीतच. गणपतीच्या आरतीला दोघी मूर्तीवरच्या एकाच माटवीसमोर उभ्या राहत, तेव्हा एक पूर्वेला बघे आणि दुसरी पश्चिमेला.

तर असं हे वाडीचं राज्य चाललं होतं. एकच धास्ती होती, दर्याची. दर पावसाळ्यात उधाण येई आणि वाळूचा एकेक घास घेऊन जाई. दगडी बंधारा द्या म्हणून वाडीने किती अर्ज केले असतील, देवाला माहीत.

शिमगा संपला आणि एक साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. साहेब म्हणाले, "एखाद्या छोट्या देशाची तब्येत कशी बघतात? बाहेरून माणसं किती येतात, त्यातून किती हातांना काम मिळतं, घरात किती पडतं. किनाऱ्यावरच्या एकेका वाडीचं आपण तसंच बघणार आहोत. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्याबरोबर वाडी घाबरली. सरकारचा माणूस असं म्हणतो तेव्हा काहीतरी घेऊन जाणार, हे इथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. वाडीतले वडीलधारे दाजी उठले आणि विचारलं, कशासाठी मोजता? साहेब म्हणाले, "आधी आकडे येऊ देत, मग योजना." झालं. आता काय उरलं समजायचं? एक तर कर बसणार, नाही तर खोल्या मोडणार. असंच सगळ्यांनी धरलं.

त्याच संध्याकाळी किशोरी पदर खोचून घराघरांतून फिरली. "इचारूक इले तर सांगा, कोण येणा नाय, कोणाक काम नाय, घरात काय पडणा नाय. एकान जरी खरा सांगितल्यान, तर सगळ्यांच्यो खोल्यो गेल्यो." जन्मात पहिल्यांदा वाडीने किशोरीचं ऐकलं, आणि तेही एकमुखाने.

मोजणीला आली ती तेजस्वी, बांद्याकडच्या आतल्या गावातली, काजू-भाताच्या घरातली मुलगी. डोक्यावर टोपी, हातात टॅब, घामाने निथळत ती टोकाच्या घरापर्यंत पोचली. वाटेत प्रत्येक घराने तिला पाणी दिलं आणि शून्य सांगितलं.

"तुमच्याकडे वर्षाला किती पर्यटक येतात?" तिने कचेरीच्या मराठीत विचारलं.

"एक नाय," किशोरी म्हणाली.

"आणि पर्यटनातून घरात कोणाला काम?"

"काम खंयचा? माझो घोव आत झोपलो हा." गुरुदास त्या घटकेला होडीत माणसं भरून डॉल्फिनच्या मागे होता.

एवढ्यात मागच्या खोलीतून बर्म्युडातला एक गोरटेला माणूस खांद्यावर टॉवेल टाकून आला. "मावशी, गीझर चालू होत नाहीये."

"माझो भाचो," किशोरीने पापणी न हलवता सांगितलं. "शिरोड्याचो."

"आणि चेकआउट किती वाजता?" भाच्याने विचारलं.

तेजस्वीने टॅबवर शून्य टिपलं. "भाचा चांगला शिकलाय हो तुमचा," एवढंच म्हणाली, आणि हसलीसुद्धा नाही. ती हसली असती तर किशोरीने तिला सोलकढी दिली असती. हसली नाही म्हणून नुसतं पाणी मिळालं. जाताना तिने गडग्याकडे बोट करून विचारलं, "आणि यांच्याकडे येतात का कोणी?" किशोरीची जीभ अशी काही सळसळली म्हणता. पण वाडीला आपणच शपथ घातलेली. तिने जीभ दातांखाली धरली आणि मान हलवली.

त्या पावसाळ्यात उधाणाने किशोरीच्या खोल्यांमागची माडांची अख्खी रांग उपटली. दोन माड तर पायरीशी येऊन आडवे पडले. आणि गणपतीच्या तोंडावर बातमी आली, देवबागला बंधारा मंजूर. मंजूर कुणाला, तर वरच्या वाडीला. तिथल्या लोकांनी म्हणे सगळं खरं सांगितलं होतं, मेल्यांना तेवढी अक्कल कुठून आली कोण जाणे. जिथं पर्यटनावर जास्त पोटं, तिथं आधी दगड, अशी ती योजना होती. शेवटच्या वाडीत ना पर्यटक, ना काम, ना उत्पन्न; तिथं राखण्यासारखं काही नाही, असा अहवाल होता.

दाजी, किशोरी आणि आणखी दोघं-चौघं ओरोसला साहेबांच्या कचेरीत गेली. किशोरीने आपली मराठी घासून-पुसून बाहेर काढली. "साहेब, आम्ही खोटं बोललो. आमच्याकडे पुष्कळ येतात. हंगामात जागा पुरत नाही."

"तेव्हा कर चुकवायला खोटं बोललात," साहेब म्हणाले. "आता बंधाऱ्यासाठी खोटं बोलत नाही कशावरून?"

दाजी तिथंच किशोरीकडे वळून म्हणाले, "तुझ्या तोंडान वाडी बुडली गो." चार माणसांत, साहेबासमोर बोलले. तिने ते ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावरून तेजस्वी बोलली. "साहेब, यांना यांच्या घरचं विचारूच नका. शेजारच्या घरचं विचारा. आमच्याकडेही हेच. आपल्या बागेत काजू किती झाला हे माझे बाबा देवालासुद्धा सांगणार नाहीत, पण चुलत्याच्या बागेतली बी न बी त्यांना तोंडपाठ."

साहेब हसले, पण त्यांना पटलं. ठरलं असं, की दिवाळीनंतर पुन्हा मोजणी करायची. प्रत्येक घराचं, त्याला लागून असलेल्या शेजाऱ्याने सांगायचं. ज्याचं त्याने सांगितलेलं धरायचं नाही.

किशोरीचं घर टोकाचं, म्हणजे तिला लागून शेजारीण एकच, आनंदी. परतीच्या वाटेवर किशोरीने मनातल्या मनात हात जोडले. एवढी वर्षं पाळलेलं वैर अखेर कामाला आलं, असं तिला वाटलं. आनंदी आपलं काय झाकून ठेवणार? उलट एकाचे दोन करून सांगेल.

बाकी वाडीचं मात्र खरं नव्हतं. खोल्यांची भीती अजून जात नव्हती, आणि लोक आपापसांत ठरवू लागले होते, तू माझं झाक, मी तुझं झाकतो. हे असं गोडीगुलाबीत राहिलं तर पुन्हा शून्यच लागणार. मग किशोरीने आपल्याला जे उत्तम येतं ते करायला घेतलं. ती सीताकडे गेली. सीता म्हणजे दाजींची शेजारीण. "दाजी टुरिस्टांका सांगी होते," किशोरी म्हणाली, "तुझी सोलकढी म्हणजे कोकमाचे हात धुयलेला पाणी." सीताचा चेहरा बघून ती उठली आणि थेट दाजींच्या पडवीत. "सीता सांगता, तुमच्या गाद्येत ढेकूण आसत. पावणे रातभर खाजयतत." अशी ती प्रत्येक दोन घरांच्या मध्ये जाऊन आली. कोणाच्या भाकरीवर, कोणाच्या बाथरूमवर, कोणाच्या सुनेच्या बोलण्यावर. दोन दिवसांत वाडीत कोणी कोणाशी बोलेना, आणि किशोरी समाधानाने घरी येऊन निजली.

तेजस्वी आली आणि वाडी फुटली. सीताने दाजींकडे कोणत्या सुट्टीत किती गाड्या लागतात, गाद्या कधी वाढवल्या, कामाला कुडाळहून कोण बाई येते, सगळं सांगितलं. दाजींनी सीताच्या एसीपासून तिच्या मुलाच्या पॅरासेलिंगपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. ज्यांनी पहिल्या खेपेला पाणी देऊन वाटेला लावलं होतं, ते आता तेजस्वीला बसवून घेत, चहा करीत, आणि ती उठू लागली की "थांब गो बाय, मुख्य ता रवलाच" म्हणून पुन्हा बसवीत. टॅब चार्ज करायला तिला दोनदा थांबावं लागलं.

गडग्यापलीकडचं सांगायला किशोरी तर वाटच बघत होती. तिने आनंदीचं सगळं काढलं. पावसाचे महिने सोडले तर एक खाट रिकामी नसते. महादूची होडी फेऱ्यांवर फेऱ्या मारते. भाचीला स्वयंपाकाला ठेवलंय. कोकमाचं आगळ, आंबोशी, कुळथाचं पीठ बाटल्या-पिशव्यांतून विकते ते वेगळंच. एवढं पुरे होतं. पण किशोरीला लगाम नव्हता. "आणि मागची खोली," ती म्हणाली, "भरतीच्या पाण्याक लागान बांधल्यान हा. कोणाक इचारूक नाय की सांगूक नाय." तेजस्वीचं बोट टॅबवर थांबलं. "हे मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. किशोरीने ऐकलं न ऐकलंसं केलं. मग ती मुलगी गडग्याला वळसा घालून आनंदीकडे गेली, आणि किशोरी सोप्यावर बसून पानाला चुना लावू लागली.

माघात काळ्या दगडांचे डंपर वाडीत शिरले. जिंकली होती वाडी. ज्या खोल्यांच्या भीतीने सगळं रामायण घडलं, त्यांची नोटीस कोणालाच आली नाही. मोजणारे वेगळे आणि मोडणारे वेगळे, त्यांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं. दाजींनी किशोरीला बोलावून चहा पाजला. आणि एक माणूस फक्कीची डबी घेऊन किनाऱ्याने रेघ ओढत आला, वरून खाली, घरामागून घर, आणि आनंदीच्या गडग्याशी येऊन त्याने डबी झाकली.

"आणि माझा घर?" किशोरी वाळूतून धावत गेली.

"इथपर्यंतच आहे," तो म्हणाला.

तिने तेजस्वीला फोन लावला, साहेबांना लावला. साहेब कागद बघून म्हणाले, "शेवटच्या घरात पर्यटन नाही. शेजारणीने तसं सांगितलंय. कोणी येत नाही, दोन माणसं आहेत, आपलं कसंबसं भागवतात."

"खोटा! मी सांगतंय ना, माझ्याकडे येतत."

"बाई, पहिल्या खेपेला तुम्हीच नाही म्हणालात. आता शेजारीणही नाही म्हणते. दोन 'नाही'पुढे तुमचा हा एक 'हो' कसा धरू? पुढच्या टप्प्यात बघू."

किशोरी त्याच पावली गडग्याला वळसा घालून आनंदीच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली. किती वर्षांनी ती तो उंबरा बघत होती. आनंदी विळीवर नारळ खवत बसली होती.

"काय सांगलंस गो तू माझा?"

"बस, वयनी."

"बसूक नाय इलंय. कोण येणा नाय म्हणान सांगलंस?"

"सांगलंय."

"कित्याक? तिखल्याचा सूड घेतलंस ना? माझा घर दर्यात घालूक? शिरा पडो तुझ्या तोंडार."

आनंदीने हात पदराला पुसले. "तुझ्यो खोल्यो माझ्यापेक्षा फुडे, अगदी पाण्यात. मोडूक इले, तर तुमी दोघा काय खातलास? भावजींच्यान आता दोर ओढवणा नाय. माका वाटला, मोजतत ते मोडूकच मोजतत. म्हणान झाकलंय."

आनंदीने खवलेला नारळ बाजूला सारला.

"तू माझा काय सांगलंस, ता माका बंधारो दारात इलो तेव्हाच समाजला," आनंदी म्हणाली. "सगळा सांगलंस ना? बरा झाला. माझा घर वाचला." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर किशोरीने उत्तर दिलं असतं. "पण माका ता जमला नाय. आपला भांडाण ह्या गडग्याच्या आतला. भायल्या चेडवाक घरातला कित्याक सांगूचा?"

किशोरीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. "तुका कोणी सांगितल्यान होता माया करूक?" एवढं ती बोलली आणि चालू लागली.

त्यानंतर तिने ओरोसला खेपा घातल्या. तेजस्वीने आपल्या परीने वर लिहून पाठवलं. पुढचा टप्पा काही आला नाही, आषाढ आला. बंधारा वाडीला छान लाभला. त्याच्यावर आपटलेलं पाणी मात्र टोकाशी वळे आणि पूर्वी दोन वर्षांत जेवढी वाळू खाई तेवढी एका भरतीत खाई. अमावास्येच्या उधाणात भरदुपारी किशोरीची पहिली खोली बसली, तिच्यामागून दुसरी. पाणी पडवीला लागलं तेव्हा महादूने येऊन काही न विचारता खाटा उचलल्या. गुरुदासने देव उचलले. किशोरी टोप, पाटा-वरवंटा आणि गॅसची टाकी काढून आनंदीच्या सोप्यावर आणून बसली, ओली, आणि दर्याला आणि सरकारला आणि वरच्या वाडीला शिव्या देत.

आनंदीने तिच्यासमोर पेजेचा वाडगा ठेवला, बाजूला सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला आणि आत गेली. किशोरीने वाडग्याकडे पाठ केली. मग भूक लागली होती म्हणून खाल्लं.

गुरुदास खांबाला टेकून आपलं घर बसताना बघत होता. इतक्या वर्षांत तो बायकोसमोर आपणहून फारसं बोलला नव्हता. "तुझी वैरीण बरी निघाली गो," तो म्हणाला.

किशोरीने वाडगा खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंसुद्धा नाही.

"वैरीण खंयची रे," ती म्हणाली. "मेली वैरीण आसती, तर माझा घर रवला आसता."